कंपनीत युनियन उभी राहत आहे. वर्गणीची पावती फाडावी का?

प्रश्न: सीएनसी ऑपरेटर, चाकण

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणमधील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशीनवर काम करतो. आयटीआय झाल्यावर आधी शिकाऊ उमेदवार, मग प्रशिक्षणार्थी अशा पायऱ्या चढत गेल्या वर्षी मी कायम झालो. आमच्याकडे कायम कामगार दोनशेच्या आत आहेत. कंत्राटी आणि मुदतीच्या नेमणुकीवरचे मात्र त्याहून कितीतरी अधिक आहेत. आजवर कारखान्यात युनियन नव्हती. दर एप्रिलमध्ये एचआर विभाग एकेकाला आत बोलावून वाढीचे पत्र हातात ठेवतो, आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाला किती मिळाले हे कुणी कुणाला विचारू नये, असे तेथेच बजावले जाते.

आता काही जुने कामगार एकत्र येऊन बाहेरच्या एका मोठ्या संघटनेशी संलग्न होण्याच्या तयारीत आहेत आणि सभासदत्वाच्या पावत्या फाडल्या जात आहेत. घरचे म्हणतात, नुकताच कायम झाला आहेस, नसत्या भानगडीत पडू नकोस. सुपरवायझरने, अर्थात आडून आडून, सांगितले की ज्यांची नावे पुढे येतील त्यांची परराज्यातल्या प्लांटमध्ये बदली होऊ शकते. उलट सहकाऱ्यांचे म्हणणे असे की एकदा करार झाला की तो सगळ्यांनाच लागू होतो. तसे असेल तर माझी शंका आणखी वाढते, कारण सभासद न होताही वाढ मिळणारच असेल, तर धोका मी का पत्करावा? वर्गणीची रक्कम किरकोळ आहे, तिची अडचण नाही. युनियनमुळे कामगाराच्या पदरात नेमके काय पडते आणि त्यासाठी काय गमवावे लागू शकते, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर १: निवृत्त कामगार प्रतिनिधी, भोसरी

आधी पैशांचे बोलतो, कारण सगळेजण तेथूनच सुरुवात करतात आणि बहुतेकांची फसगतही तेथेच होते. पुणे परिसरात वेतनकरार साधारण तीन किंवा साडेतीन वर्षांचे होतात आणि करार झाला की गेटवर फटाके वाजून आकडा जाहीर होतो. समजा, तो आकडा बारा हजारांचा आहे. हा बहुधा ‘सीटीसी’चा आकडा असतो, म्हणजे कंपनीचा एकूण खर्च, आणि तो तीन वर्षांत विभागलेला असतो. पहिल्या वर्षी निम्मी रक्कम धरली तर सहा हजार होतात. वाढ मूळ वेतनात धरून त्यातून कंपनीच्या वाट्याचा बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची तरतूद वजा केली, की पगारपत्रकावर सुमारे एक्कावन्नशे उरतात; त्यातूनही आपल्या वाट्याचा निधी कापला जाऊन हातात साधारण साडेचार हजार पडतात. उरलेले पैसे बुडाले असे नव्हे, ते आपल्याच खात्यात किंवा आपल्याच नावाने साठतात. पण बारा हजार ऐकून गाडीचा हप्ता बांधून घेणारे कामगार मी पाहिले आहेत. वाढीतला किती भाग मूळ वेतन व महागाई भत्त्यात जातो आणि किती निरनिराळ्या भत्त्यांत विखुरला जातो, यावर पुढच्या वीस वर्षांचा निधी आणि ग्रॅच्युइटी ठरते. एचआरच्या खोलीत एकटा बसलेला माणूस याबाबत अवाक्षर काढू शकत नाही. ते टेबलाच्या पलीकडे बसलेल्या समितीलाच काढता येते, आणि तेही समितीला हिशेब कळत असेल तरच.

मात्र माझ्या मते युनियनचे खरे मोल आरोपपत्र हाती पडते त्या दिवशी कळते. एखाद्या पाळीत चाळीस-पन्नास नग रिजेक्ट निघाले, किंवा रागाच्या भरात सुपरवायझरशी शब्दाला शब्द वाढला, की कामगाराला कार्यालयात बोलावले जाते. चहा दिला जातो. मग एक कोरा कागद पुढे सरकवून सांगितले जाते की, “माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढे लिहून दे, विषय येथेच मिटेल.” विषय मिटत नाही. तो माफीनामा फाइलला लागतो, आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच एखाद्या कारणावरून चौकशी निघाली की ‘पूर्वेतिहास’ म्हणून बाहेर येतो. अंतर्गत चौकशीत चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलेला असतो, अनेकदा तो वकीलही असतो, आणि समोर बसलेला कामगार आयुष्यात पहिल्यांदा इतिवृत्ताच्या पानांवर सह्या करत असतो. अशा वेळी शेजारी बसणारा, “हे वाक्य साक्षीदार बोललाच नाही, इतिवृत्तातून काढा,” असे म्हणणारा प्रतिनिधी असला, तर नोकरी वाचण्याची शक्यता खूपच वाढते. मी स्वतः अशा कित्येक चौकशांत बसलो आहे. वाचलेल्या नोकऱ्यांचे फटाके गेटवर वाजत नाहीत, त्यामुळे हे काम बाहेर कुणाला दिसतही नाही.

सभासद न होता लाभ घ्यावा का, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. ती सुट्टी सभेला न आलेल्यांनाही मिळालीच. असे लोक नेहमीच असतात. फक्त त्यांची संख्या किती व्हावी, याला मर्यादा असते.

उत्तर २: देखभाल विभाग, वाळूज

वरील ज्येष्ठांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजूही मांडणे आवश्यक वाटते. मी युनियनचा विरोधक नाही. आमच्या कारखान्यात युनियन आहे आणि माझी वर्गणी दरमहा पगारातून कापली जाते. तरीही तरुण कामगाराने डोळे मिटून पावती फाडावी, असे मी म्हणणार नाही.

बजाजच्या चाकण कारखान्यातला २०१३ चा संप आपल्या भागातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. वेतनवाढीबरोबरच प्रत्येक कामगाराला एक रुपया दराने पाचशे समभाग द्यावेत, अशी मागणी होती. सुमारे पन्नास दिवस काम बंद राहिले आणि अखेरीस मागण्या मान्य न होताच कामगार कामावर परतले. ज्या कंपनीचे उत्पादन वाळूज किंवा उत्तराखंडमधल्या पंतनगरलाही होऊ शकते, तिच्यापुढे एका कारखान्यातला संप किती ताणता येईल, याचा अंदाज नेतृत्वाला असायला हवा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाचेही तसेच. सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. माणसे मात्र कायमची बाहेर गेली.

आमच्या कारखान्यात गेल्या करारात चांगली वाढ मिळाली. त्याच कराराच्या जोडपत्रात प्रत्येक लाइनचा सायकल टाइम, म्हणजे एक नग तयार करण्यासाठी दिलेला वेळ, कमी केला होता आणि उत्पादनवाढीची टक्केवारी लिहून दिली होती. मूळ करार सर्वांनी वाचला, जोडपत्र फारच थोड्यांनी वाचले. त्यानंतर एकाही नव्या मुलाला कायम नेमणूक मिळालेली नाही. सगळी भरती मुदतीची होते, म्हणजे आमच्या वाढीची किंमत पुढच्या पिढीने मोजली, असे मला तरी दिसते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. सीएनसीवर सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही जमणाऱ्या मुलाला कंपनी बदलताना जी वाढ मिळते, ती कित्येकदा तीन वर्षांच्या करारापेक्षा जास्त असते. आपले वय लहान आहे. युनियनसाठी नाव पुढे करून जिल्हाभर ‘तो युनियनवाला’ अशी ओळख करून घ्यायची, की कौशल्य वाढवून दोन-तीन वर्षांनी पुढे जायचे, याचा विचार जरूर करावा. कामावरून काढले गेले तर युनियन नसलेला कामगारही स्वतः वाद उपस्थित करून दाद मागू शकतो. १९६५ पासून कायद्यात ती सोय आहे.

उत्तर ३: कंत्राटी कामगार, रांजणगाव

वरच्या दोन्ही उत्तरांत माझ्यासारख्या कंत्राटी कामगारांचा उल्लेखच आलेला नाही, म्हणून लिहितो. ज्या लाइनवर कायम कामगार उभा असतो, त्याच लाइनवर तेच काम मी करतो, आणि करार झाल्याची मिठाई वाटली जाते तेव्हा डबा माझ्यापर्यंत येतोही. पगाराच्या पावतीत मात्र काही बदलत नाही. ठेकेदार बदलला की आमची नोकरी कागदोपत्री नव्याने सुरू होते, त्यामुळे सलग सेवा सिद्ध करतानाच नाकी नऊ येतात. आमच्या येथील युनियनकडे सभासदत्व मागितले, तेव्हा “आमच्या घटनेत तुमची तरतूद नाही,” असे उत्तर मिळाले.

युनियनने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांसाठी कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे खटला चालवला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा निर्णय उचलून धरला. ते कामगार कागदोपत्री ठेकेदाराचेच होते. एकेकट्याने हजेरीचे पुरावे, ओळखपत्रे आणि पगाराच्या पावत्या जमवून एवढी वर्षे कोर्टकचेरी करणे त्यांतल्या कुणालाही परवडले नसते.

प्रश्नकर्त्याला माझी एकच विनंती आहे. सभासद होण्यापूर्वी, आपल्या युनियनच्या घटनेत कंत्राटी आणि मुदतीच्या कामगारांना जागा आहे का, हे विचारावे. मागणीपत्रात आमचा एक तरी मुद्दा आहे का, हेही विचारावे.

प्रश्नकर्ता: सीएनसी ऑपरेटर, चाकण

सर्वांचे आभार. घटनेचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. येत्या सभेत तो नक्की विचारीन. दोन गोष्टी अजून स्पष्ट व्हाव्यात असे वाटते. करार सभासद नसलेल्यांना खरोखरच लागू होतो का? आणि सुपरवायझरने ज्या बदलीची भीती घातली, ती कायद्याने करता येते का? नवे कायदे आल्यापासून कोणी काहीही सांगत आहे.

उत्तर ४: कामगार कायद्याचा व्यवसाय करणारा वकील, पुणे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा (म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटींचा) कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही तिच्यात सामावले गेले. जुन्या कायद्यांतली बरीच तत्त्वे तीत कायम आहेत, त्यामुळे सगळेच उलटेपालटे झाले, ही समजूत बरोबर नाही.

कराराबाबत एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे बोलीभाषेत लेबर ऑफिसमध्ये, झालेला करार कारखान्यातील सर्व कामगारांवर, पुढे भरती होणाऱ्यांवरसुद्धा, बंधनकारक असतो. कंपनी आणि युनियन यांनी आपापसांत केलेला करार मात्र फक्त त्या पक्षकारांवर बंधनकारक असतो. अशा वेळी सभासद नसलेल्यांकडून कंपनी स्वतंत्र स्वीकृतिपत्र लिहून घेते आणि काही ठिकाणी थकबाकीच्या फरकातून त्यांच्याकडूनही युनियनसाठी निधी कापला जातो. म्हणजे फुकट मिळेल, हा हिशेब प्रत्येक वेळी जुळतोच असे नाही.

परंतु आपल्या प्रश्नाचा गाभा निराळा आहे. करार होण्यासाठी आधी युनियनला बोलणी करण्याचा अधिकार मिळावा लागतो. संहितेप्रमाणे कारखान्यात एकच संघटना असेल तर ठरलेले निकष पूर्ण केल्यावर तिलाच वाटाघाटीचा अधिकार मिळतो. एकाहून अधिक संघटना असतील, तर हजेरीपटावरील किमान ५१ टक्के कामगार जिच्या बाजूचे आहेत, तिला तो मिळतो. कुणाकडेच तेवढे बळ नसेल तर वाटाघाटी परिषद बसते आणि त्या परिषदेत प्रतिनिधी पाठवायलाही २० टक्के लागतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्क्यांची अट आहे, त्या मानाने ही उडी मोठी आहे. आणि बाहेरच्या संघटनेचा फलक लागणार अशी कुणकुण लागताच व्यवस्थापनाच्या मर्जीतली एक ‘अंतर्गत’ संघटना उभी राहणे, हे आमच्या व्यवसायात वारंवार दिसते. त्या दिवसापासून ५१ चा आकडा निर्णायक होतो. एकूण संख्या हजेरीपटावरून धरली जाते, त्यामुळे काठावर बसून ‘बघू या’ म्हणणारा प्रत्येक कामगार त्या गणितात युनियनच्या विरोधात मोजला जातो.

याच कारणासाठी रांजणगावच्या मित्राचा मुद्दा मला केवळ न्यायाचा वाटत नाही, तो संख्याबळाचाही आहे. ठेकेदाराचे कामगार ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात, पण मुदतीच्या नेमणुकीवरचे कामगार थेट कंपनीच्याच नोकरीत असतात. दोनशेच्या आत कायम आणि त्याहून अधिक मुदतीचे असतील, तर अशा कारखान्यात फक्त कायम कामगारांची युनियन काढणाऱ्यांनी ५१ टक्के कोठून आणायचे, हे आधी सांगावे.

मान्यतेचे महत्त्व किती, ते तमिळनाडूत नुकतेच दिसले. श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यात सप्टेंबर २०२४ मध्ये कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला, त्यातली मुख्य मागणी युनियनच्या नोंदणीची व मान्यतेची होती. नोंदणी झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. गिरणी संपाबद्दल वाळूजच्या मित्रांनी जे लिहिले, त्यातही कळीचा मुद्दा हाच होता.

संपाविषयी एवढेच सांगतो की आता सर्वच उद्योगांत चौदा दिवसांची नोटीस आवश्यक आहे, समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. बेकायदा संपासाठी दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. म्हणून, संपाचा निर्णय कोण घेते, गुप्त मतदान होते का, हे युनियनच्या घटनेत पाहून ठेवावे.

उत्तर ५: निवृत्त कामगार प्रतिनिधी, भोसरी

वाळूजच्या मित्रांचे जोडपत्राविषयीचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. कराराचा मसुदा सही होण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत जोडपत्रासह वाचून दाखवला जात नसेल, तर त्या युनियनमध्ये राहून भांडावे. कंपनी बदलत राहण्याचा सल्ला मात्र पंचविशीत जितका सोपा वाटतो, तितका चाळिशीत राहत नाही. पाठीचे दुखणे, मुलांच्या शाळा आणि घराचे कर्ज घेऊन नव्या गेटवर उभ्या राहणाऱ्या ऑपरेटरला, तो कितीही हुशार असला तरी, आमच्या भागात मुदतीची नेमणूकच पुढे केली जाते. शिवाय एकट्याने दाद मागता येते हे खरे असले, तरी खटल्याच्या काळात घर कोण चालवते? माझ्या पाहण्यात एका निलंबित सहकाऱ्याच्या घरी सभासद दरमहा वर्गणी काढून रेशन भरत होते. निलंबनात मिळणाऱ्या निम्म्या पगाराएवढ्या निर्वाह भत्त्यावर त्याचे भागले नसते.

उत्तर ६: कामगार कायद्याचा व्यवसाय करणारा वकील, पुणे

बदलीचा प्रश्न राहिला होता. आपल्या नियुक्तीपत्रात कंपनीच्या कोणत्याही प्रकल्पात बदली होऊ शकते, असे कलम असेल, तर बदली करणे एरवी बेकायदा ठरत नाही. मात्र व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली, तसेच युनियनमध्ये सामील झाल्यास नोकरी जाईल अशी धमकी देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित कामगार प्रथांच्या यादीत स्पष्टपणे नमूद आहेत. अडचण पुराव्याची असते. आकस सिद्ध करायचा तर घटनांचा क्रम दाखवावा लागतो: पावती कधी फाडली, युनियनने पदाधिकाऱ्यांची यादी कंपनीला कधी कळवली, आणि बदलीचा आदेश कधी निघाला. ज्यांची नावे यादीत आधीच लेखी कळवलेली असतात, त्यांची बाजू न्यायालयात मांडणे सोपे जाते. गुपचूप सभासद झालेल्याला मात्र कंपनी सहज म्हणू शकते की, हा युनियनमध्ये आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते. तेव्हा पावती फाडणार असाल तर तिच्यावर तारीख आणि क्रमांक आहे ना हे पाहावे, आणि तिची व नियुक्तीपत्राची प्रत कारखान्यातल्या लॉकरमध्ये न ठेवता घरी ठेवावी.